आधी हात दाखव

चि. सोनू,


काल अक्काचा फोन आला. उसाच्या बिलाचं बोलता बोलता ती म्हणाली, हल्ली सकाळी तुझ्या हातातून चहाचा कप निसटतो, विचारलं तर ‘झोपेत हात अवघडला’ म्हणतेस. अक्काला पटलं असेल, मला नाही. बोटं बधिर होतात ना गं? कधीपासून?

वर तू रोज केटलबेलचा पूर्ण १० मिनिटांचा सेट मारतेस, आणि पिवळी सोडून एकदम हिरवी उचलायला लागलीस, हेही कळलं. रशियात पूर्वी धान्य तोलायची ही वजनं. एक पूड म्हणजे १६ किलोच्या थोडं वर, म्हणून १६, २४, ३२ अशी चढण. १६ च्या पिवळीवरून २४ ची हिरवी म्हणजे ८ किलोंची उडी. मनगटाला ती झेपायला वेळ लागतो. मधली २० किलोंची जांभळी उगाच ठेवलेली नाही. एवढी घाई कुणासाठी? मोबाइलवर कुणी उचलताना दिसली म्हणून? तिच्यामागची वर्षं व्हिडिओत दिसत नाहीत.

स्नॅचमध्ये दमाआधी पकड जाते. हात एकदाच बदलायचा, बेल खाली टेकली की सेट संपला. त्या धास्तीनं तू मूठ आवळतेस. बेल खाली येताना बोटांच्या आकड्यात राहू दे, वर गेल्यावर दांडा तळहातावर तिरका बसू दे, मनगट मागं वाकवू नकोस. जर्कला कोपर कमरेच्या हाडावर टेकव, विसावा तिथंच मिळतो. गुडघे, कोपर सरळ होऊन बेल डोक्यावर स्थिरावली नाही तर पंच मोजणार नाही, मग घाईचा उपयोग काय?

आणि बोटं? रात्रीही मुंग्या येतात का? या आठवड्यात डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणेपर्यंत बेलला शिवायचं नाही.

तुझे आजोबा गेले आणि ऐन उमेदीत माझी तालीम सुटली. शेत कोण बघणार होतं? खासबाग मैदानात एक कुस्ती व्हावी, ही इच्छा तशीच राहिली. पण खरं सांगू? कुस्तीची हुरहुर कधीच गेली. पहाटे हौद्यातली माती उकरायची, जोर मारायचे, शेजारी कुणीतरी तितकाच घामाघूम, ते अजून जात नाही. चाळीस वर्षं तसं करता आलं असतं तर मी एकही कुस्ती मागितली नसती. तुझ्या पहाटा अजून तुझ्या आहेत पोरी, त्या या बोटांपायी जाऊ नयेत एवढंच माझं म्हणणं.

परत सुरू करशील तेव्हा पिवळीच घे. ४ मिनिटांचे सेट, सावकाश गतीनं. मग ५, मग ६. आकडे वहीत लिही. महिना महिना आकडा हलणार नाही, तेव्हा मागची पानं चाळ. मन लागत नसेल त्या दिवशी एकच सेट मार आणि घरी जा, पण जात राहा.

फार बोललो. मागच्या स्पर्धेत नवव्या मिनिटाला तुझे ओठ पांढरे पडले होते, तरी तू बेल ठेवली नाहीस. मी तेव्हा खुर्चीत बसू शकलो नव्हतो. आपल्या घरात इतकं चिवट कुणी झालं नाही. या वर्षी नाही उतरलीस तरी मला तू तेवढीच.

डॉक्टर काय म्हणाले ते मला आधी कळव, अक्काला मी सांगतो, तुला बोलणी बसणार नाहीत. मामीनं डिंकाचे लाडू केलेत. शनिवारी पुण्याला कुणी निघालं तर पाठवतो, नाहीतर मीच घेऊन येतो.

तुझा,
मामा