टोकियोतल्या घराचं भाडं कोण भरणार?

प्रश्न : माझा भाचा परराष्ट्र मंत्रालयात नोकरीला आहे. दिल्लीत त्याला मूळ वेतनाच्या 30 टक्के घरभाडे भत्ता मिळायचा. आता टोकियोच्या दूतावासात बदली झाली आहे. तिथली भाडी ऐकून माझ्या बहिणीची झोप उडाली आहे. तिथेही 30 टक्क्यांतच भागवायचं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : बहिणीला आधी निश्चिंत करा. टोकियोत 30 टक्क्यांचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे भत्ता नव्हे, घरच मिळतं. भारतातून पाठवलेल्या कर्मचाऱ्याच्या राहण्याची सोय वकिलात करते. घर सरकारी मालकीचं असेल, नाहीतर वकिलातीने भाड्याने घेतलेलं असेल. सामानसुमानही घरात असतं. कोणत्या पदाला केवढं घर आणि जास्तीत जास्त किती भाड्याचं, हे ठरलेलं असतं. भाडं भाच्याच्या पगारातून जाणार नाही. तिथल्या रोजच्या महागाईसाठी ‘फॉरिन अलाउन्स’ मिळतो, तो वेगळा.

हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. देशात शहरांचे तीन वर्ग केले आहेत. दिल्ली, मुंबई, पुणे पहिल्या वर्गात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर दुसऱ्यात. बाकीची गावं तिसऱ्यात. केंद्रीय कर्मचाऱ्यांना त्यानुसार 30, 20 आणि 10 टक्के भत्ता मिळतो. ही टक्केवारी महागाई भत्त्याला बांधलेली आहे. 2017 मध्ये ती 24, 16, 8 होती. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचला तेव्हा, म्हणजे जानेवारी 2024 पासून, आजचे दर लागू झाले. पगार रुपयांत, भाडंही रुपयांत, म्हणून हे गणित कसंबसं जमतं. आता 50 हजार मूळ वेतनाचे 15 हजार रुपये टोकियोत नेऊन पाहा. शिवाय रुपया घसरला की घरमालक भाडं कमी करणार नाही. चलनाच्या चढउताराचा भार कारकुनाच्या खिशावर टाकणं अन्यायाचं झालं असतं. सरकारने घराचा भार स्वतःवर घेतला, हे मला मनापासून योग्य वाटतं.

वकिलातीच्या माणसाचं घर हा त्याचा एकट्याचा खासगी मामला नसतोच. 1961 च्या व्हिएन्ना कराराने राजनैतिक अधिकाऱ्याच्या खासगी निवासालाही दूतावासाच्या वास्तूइतकंच संरक्षण दिलं आहे. यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय उंबरा ओलांडू शकत नाहीत. गरज पडल्यास कर्मचाऱ्यांना योग्य घरं मिळवून द्यायला मदत करावी, असंही त्याच कराराने यजमान देशाला सांगितलं आहे. मॉस्को आणि बीजिंगमध्ये तर परकीय वकिलातींना घरं पुरवण्यासाठी खास सरकारी यंत्रणा आहेत.

सगळेच देश आपल्यासारखं करत नाहीत. अमेरिकेचं उदाहरण घ्या. सरकारी घर देता येत नसेल तिथे मुलकी कर्मचाऱ्याला निवास भत्ता मिळतो, पण तो पगाराची टक्केवारी नसतो. प्रत्यक्ष भाडं आणि वीज-पाणी-इंधनाचा खर्च, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. ही मर्यादा ठिकाण, पदश्रेणी आणि कुटुंबातली माणसं पाहून ठरते. परदेशात स्वतःचं घर विकत घेतलं तर खरेदी किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम दरसाल, तीही जास्तीत जास्त दहा वर्षं, मिळू शकते. सैनिकांसाठी निराळा भत्ता आहे. भाचा निघालाय त्याच जपानमध्ये घर घेताना घरमालकाला ‘रेईकिन’ देण्याची जुनी पद्धत आहे. अनामत परत मागता येते, रेईकिन मात्र गेले ते गेलेच. अशा परत न मिळणाऱ्या खर्चासाठीही अमेरिकी सैनिकांना घरात राहायला जाताना वेगळी रक्कम मिळते.

पण पैसे हाती देण्याच्या पद्धतीला एक धारदार कड आहे. अमेरिकेत मुलकी कर्मचाऱ्यांचा निवास भत्ता मुख्यतः मायदेशातून भरती होऊन गेलेल्यांसाठी आहे. परदेशातल्या तळावरून निवृत्त झालेला सैनिक तिथेच राहिला आणि पुढे त्याच तळावर मुलकी नोकरीला लागला, तर तो मायदेशातून आला की तिथलाच उमेदवार? नियमाचा अर्थ लावताना अनेक ठिकाणी चूक झाली. 2013 मध्ये तपासणी झाली, तेव्हा शेकडो जणांना वर्षानुवर्षं अपात्र असताना भत्ता दिल्याचं निघालं आणि वसुलीची टांगती तलवार आली. कार्यालयाने मंजूर केलं म्हणून घर घेतलं, भाडं भरलं, मुलं त्या घरातून शाळेत गेली, आणि मग डोक्यावर कर्ज! नंतर बऱ्याच जणांना माफीचा मार्ग मोकळा झाला, पण मधल्या काळात त्या घरांत काय वातावरण असेल, हे कर्जाची नोटीस हातात घेतलेल्या कुणालाही कळेल.

आपल्या पद्धतीतही उणिवा आहेत. परदेशात इमारतीसाठी जागा घेऊन ठेवायची, बांधकाम रखडवायचं आणि तोवर भाडं भरत राहायचं, यावर कॅगच्या अहवालांनी वेळोवेळी बोट ठेवलं आहे. मात्र तो भुर्दंड खजिन्यावर पडतो, तुमच्या भाच्यावर नाही.

कराचं विचारलं नाहीत, पण बहीण विचारील. परदेशातल्या सेवेसाठी सरकार भारतीय नागरिकाला तिथे जे भत्ते आणि सवलती देतं, ते 1961 च्या आयकर कायद्याने कलम 10(7) खाली करमुक्त ठेवले होते. मूळ पगारावर मात्र भारतातच कर बसत आला आहे.

जाण्याआधी भाच्याने वकिलातीच्या प्रशासन विभागाला पत्र लिहून घरात कोणकोणतं सामान आहे, याची यादी मागवावी; ताबा घेताना ती एकेक वस्तू पाहूनच सही करावी. बहीण कुकर देणार असेल तर खुशाल द्यावा. मिक्सर देऊ नये. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची आहे, आपला मिक्सर तिथे नीट फिरायचा नाही.