हिवाळी परसबागेतील पेरणी आणि काढणी

प्रश्न : नांदेड-लातूर भागातील परसबागेत मेथी, पालक, गाजर आणि फुलकोबी हिवाळ्यात कशी घ्यावी व काढणी केव्हा करावी?

उत्तर : या भागातील भारी काळी माती ओली असताना फुगते व वाळताना भेगाळते, त्यामुळे सपाट जमिनीत पेरलेल्या गाजराचे मूळ अडते आणि त्याला फाटे फुटतात, म्हणून कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेले वाफे, तयार करणे हीच सर्वांत महत्त्वाची पूर्वतयारी होय. मेथी व पालक ऑक्टोबरपासून दर १५ दिवसांनी थोडेथोडे पेरावेत, कारण एकदम पेरलेली भाजी एकदमच तयार होते आणि घरात संपत नाही. मेथी साधारण २५ ते ३० दिवसांत, फुलावर येण्याआधी, उपटावी. पालक मात्र जमिनीपासून चार बोटे वर कापल्यास दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतो. फुलकोबीचा गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून बाहेरची पाने त्यावर वाकवून बांधतात आणि तो पांढरा व घट्ट असतानाच कापतात, कारण फेब्रुवारीत ऊन तापू लागले की गड्डा सैल होतो.

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मोकाट पाणी देणे कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही. वाफ्यावर सोयाबीनच्या गुळीचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्याचे, आच्छादन पसरल्यास ओल अधिक दिवस टिकते आणि जमीन भेगाळणेही कमी होते.