आठ टॅब, चोवीस मुलं

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला देणगीतून आठ टॅब मिळाले. सहावी-सातवीची मिळून मुलं चोवीस, नेट जेमतेम. टॅब हाती आला की गेमच सुरू होतात. काय करावं?

उत्तर : सर, आठच मिळाले हे बरंच झालं. तिघांत एक टॅब द्या : एकानं बोट चालवायचं, दुसऱ्यानं सांगायचं, तिसऱ्यानं वहीत लिहायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप घ्या; एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. त्रिकोण काढून त्याचा एक शिरोबिंदू ओढायला सांगा. तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. पण आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मगच ओढू द्या. नाहीतर तीही करमणूकच. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचं ‘दीक्षा’ ॲपवरचं साहित्य आदल्या दिवशी नेट असेल तिथे डाउनलोड करून ठेवा. गेमचं म्हणाल, तर सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ (टॅब एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय) सुरू करून त्याला पिन लावा. पाढे पाठ करून घेणाऱ्या रंगीबेरंगी ॲपांच्या नादी मात्र लागू नका. ते काम फळ्यावर फुकटात होतं. आणि चार्जिंग? त्याची जबाबदारी सातवीच्या मुलींकडे द्या, मुलांकडे नको!