नकाशावरचा ठिपका

गेल्या पावसाळ्यांतील एक सायंकाळ तुमच्यापैकीं पुष्कळांस आठवत असेल. सहलीस गेलेली बस परत यावयाची होती. फाटकापाशीं जमलेल्या पालकांच्या हातांतील मोबाइलवर नकाशा होता, नकाशावर बसचा ठिपका होता, आणि तो ठिपका घाटाच्या माथ्यावर ४० मिनिटें जागचा हालत नव्हता. कोणी म्हणालें, चालक चहास थांबला असेल. कोणी त्याहून वाईट बोललें. एक माउली तर रडूं लागली. अखेर बस आली, तेव्हां कळलें कीं ती घाटांत एक क्षणहि थांबली नव्हती. मग ठिपका कां थांबला? दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत हा प्रश्न निघाला आणि घंटा झाली तरी उत्तर पुरें झालें नाहीं. तें येथें पुरें करीत आहें.

बहुतेकांची समजूत अशी असते कीं आकाशांतील उपग्रह आपल्या गाडीकडे पाहत असतो. वस्तुस्थिति उलट आहे. उपग्रहास गाडीची वार्ताहि नसते. चर्चची घंटा साऱ्या गांवास वेळ सांगते, पण कोण ऐकत आहे हें तिला ठाऊक नसतें. तसा उपग्रह 'मी येथें आहें आणि आतां इतके वाजले आहेत' एवढेंच रेडिओलहरींच्या द्वारें अखंड सांगत असतो. ऐकण्याचें व हिशेब करण्याचें सारें काम गाडींतील लहानशी पेटी करिते.

हा हिशेब मोठा मनोवेधक आहे. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकूं येईपर्यंत किती सेकंद गेले, यावरून ती किती दूर पडली हें तुम्ही काढतां. सुमारें ३ सेकंदांस १ किलोमीटर. येथेंहि तत्त्व तेंच. मात्र रेडिओलहरीचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि ठीक डोक्यावरील उपग्रहापासून लहर खालीं येण्यास सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. वेळ मोजण्यांत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. म्हणून प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळें असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार तीं घड्याळें आपल्या घड्याळांपेक्षां दिवसास सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. ही तफावत सुधारली नाहीं तर एका दिवसांत १० किलोमीटरांहून अधिक चूक सांचेल! तीन उपग्रहांपासूनचीं अंतरें कळलीं म्हणजे स्थान कळावें. परंतु गाडींतील पेटीचें घड्याळ साधेंच असल्यामुळें त्याची चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. चार अज्ञातें, चार समीकरणें. बीजगणिताचा कंटाळा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

ही योजना मूळ अमेरिकेच्या लष्कराची. पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलेलें एक कोरियन प्रवासी विमान पाडलें गेलें व २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर ही सोय सर्व जगाच्या नागरिकांस खुली राहील असें अध्यक्ष रेगन यांनीं जाहीर केलें. १९९५ सालीं योजना पूर्णत्वास गेली. तरी नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक घातलेली असे. ती मे २००० मध्यें काढण्यांत आली, आणि तेव्हांपासून गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हें भरंवशानें सांगतां येऊं लागलें. भारतानेंहि २०१३ पासून नाविक नांवाचे स्वतःचे उपग्रह सोडले. १ जानेवारी २०१९ पासून आपल्या देशांत नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या बसेस, टॅक्सी इत्यादि सार्वजनिक वाहनांत असें यंत्र व संकटसमयीं दाबावयाचें बटण असण्याचा नियम लागू झाला. रिक्षा त्यांतून वगळल्या होत्या.

आतां आपल्या ठिपक्याकडे वळूं. पेटीनें स्थान काढलें तरी तें आपल्या मोबाइलवर आपोआप येत नाहीं. त्यासाठीं पेटींत मोबाइलसारखेंच एक सिमकार्ड असतें, आणि तें जवळच्या मोबाइल मनोऱ्यामार्फत वार्ता धाडतें. घाटांत मनोरा नव्हता. बस पावसांतून मंद गतीनें, पण अखंड चालत होती. पेटीस आपलें स्थान बरोबर ठाऊक होतें. फक्त तें सांगावयास वाट नव्हती. अशा वेळीं पेटी नोंदी सांठवून ठेविते व वाट मिळतांच एकदम पाठविते. दुसऱ्या दिवशीं आम्हीं नोंद उघडली, तेव्हां घाटांतील प्रत्येक वळण वेळेसह तेथें हजर होतें.

ज्यांच्याजवळ दहा-वीस मालमोटारी आहेत त्यांस या नोंदींचा केवढा उपयोग! पेटी इंजिनाच्या चावीच्या तारेस जोडलेली असल्यानें गाडी उभी असून इंजिन चालू आहे, म्हणजे डिझेल व्यर्थ जळत आहे, हें कळतें. भाड्यानें दिलेलें जेसीबी किती तास चाललें, त्याचें तेल बदलण्याची वेळ आली कीं नाहीं, हें कोणास न विचारतां समजतें. नकाशावर कामाच्या जागेभोंवतीं काल्पनिक कुंपण आंखून ठेवितां येतें. रात्रीं यंत्र कुंपणाबाहेर गेलें कीं मालकाच्या मोबाइलवर सूचना येते. अर्थात् बोगद्यांत उपग्रहांचे संकेत पोंचत नाहींत, उंच इमारतींच्या दाटींत ठिपका शेजारच्या गल्लींत उडी मारतो, आणि चोर जाणता असला तर प्रथम पेटीच उपटतो.

मला मात्र चालकांची तक्रार अधिक विचार करण्याजोगी वाटते. गाडी २० मिनिटें थांबली हें पेटी सांगते; एका मुलास वांती झाली म्हणून थांबली, हें ती सांगत नाहीं. केवळ कागद पाहून पगार कापणारा मालक यंत्रावर विश्वास ठेवीत नसून माणसावर अविश्वास दाखवीत असतो, असें माझें मत आहे. नोंद वाचावी ती चालकास शेजारीं बसवून. आमच्या चालकास त्या सायंकाळीं जें ऐकावें लागलें तें त्यानें मुकाट्यानें ऐकलें. पुढें दोघे पालक त्याच्या घरीं जाऊन आले, हें समजलें तेव्हां बरें वाटलें.

पालकांस एक विनंति. ठिपक्यावर बोट ठेविलें कीं खालीं बारीक अक्षरांत शेवटची वार्ता आल्याची वेळ येते. ती प्रथम पाहावी. त्या दिवशीं सहा वाजतांहि तेथें सव्वापांचचीच वेळ दिसत होती, आणि ती आमच्यापैकीं कोणीं वाचली नव्हती; मींहि नाहीं.