घरच्या गच्चीवर विमान : कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट आणि त्यातलं विज्ञान



विमान कुठे तयार होतं असं वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "सर, परदेशात, मोठ्ठ्या कारखान्यात." उत्तर चूक नाही. पण आपल्याच महाराष्ट्रातल्या एका माणसाने सहा जण बसतील एवढं विमान मुंबईत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. त्यांचं नाव कॅप्टन अमोल यादव. आजच्या पाठात आपण त्यांची गोष्ट बघू. सोबतच घरी विमान बांधता येतं म्हणजे नेमकं काय, त्यात कोणतं विज्ञान लागतं आणि सरकारची परवानगी का लागते, हेही समजून घेऊ. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना बल, घनता, सरासरी चाल या घटकांसाठी हा पाठ उपयोगी पडेल.

१) 'घरी बांधलेलं विमान' म्हणजे काय?

घरी विमान बांधायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग संचाचा, म्हणजे किटचा. कंपनी आपल्याला सुटे भाग, नकाशे आणि सूचनापुस्तिका पाठवते, जोडणी आपण करायची. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही १९७३ साली सुरू झालेली कंपनी असेच संच विकते. तिच्या संचांपासून लोकांनी बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमाने आजवर उडाली आहेत. मूळचे केरळमधले आणि इंग्लंडमध्ये राहणारे अभियंता अशोक थामराक्षन यांनी लॉकडाउनच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या स्लिंग कंपनीचा संच आणून चार आसनी विमान जोडलं. मुलीच्या नावावरून त्यांनी विमानाचं नाव 'जी-दिया' ठेवलं.

दुसरा मार्ग अवघड आहे. त्यात रचनाही आपलीच आणि पत्रा कापण्यापासून सगळं कामही आपलंच. इंजिन, पंखा, उपकरणं तेवढी विकत आणायची. अमोल यादव यांनी हा मार्ग निवडला.

आता संच आणला म्हणजे काम सोपं झालं असं समजू नका. अमेरिकेत नियम असा आहे की 'हौशी बांधणी' म्हणून नोंद हवी असेल, तर अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं. लोक याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. विमान शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधलेलं असावं, हीसुद्धा अट आहे. दोन आसनी धातूच्या विमानाचा संच जोडायला साधारण दीड-दोन हजार तास लागतात. रोज दोन तास काम केलं तरी दोन-तीन वर्षं गेलीच समजा.

२) चारकोपच्या गच्चीवर

अमोल यादव हे सातारा जिल्ह्यातल्या कुटुंबातले. विमान चालवायला ते अमेरिकेत शिकले आणि पुढे जेट एअरवेज या कंपनीत वैमानिक झाले. अमेरिकेत सामान्य माणसं घरच्या गॅरेजमध्ये विमाने बांधतात, मग आपल्याकडे का नाही, असं त्यांच्या मनात आलं. १९९८ च्या सुमारास ते कामाला लागले. पहिले दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोहोचले नाहीत, तरी त्यांनी नाद सोडला नाही.

तिसरं विमान त्यांनी कांदिवलीतल्या चारकोप भागात, घरच्या गच्चीवर बांधायला घेतलं. नाव टॅक-००३. मुंबईत जागा किती महाग आहे ते तुम्हाला माहीत आहे. कारखान्याची शेड परवडणार नाही, मग गच्ची तर आहे! नोकरी सांभाळून काही वर्षं हे काम चाललं. पैसा कमी पडला तेव्हा घरच्यांनी दागिने आणि मालमत्ता पणाला लावली, असं त्या काळच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे एकाचं स्वप्न सगळ्या घराने उचललं.

विमान तयार झालं, पण ते गच्चीवर! ते सुटं करून क्रेनने खाली उतरवावं लागलं आणि पुन्हा जोडावं लागलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा लोकांनी ते पाहिलं आणि देशभर चर्चा झाली.

३) उडण्याआधीची लांब वाट

विमान बांधून झालं, मग उडवायला काय हरकत? हरकत आहे. रस्त्यावर गाडी आणायला नोंदणी लागते, तशी विमानालाही लागते. आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए करतं. घरी बांधलेलं सहा आसनी विमान ही गोष्ट आपल्या व्यवस्थेला नवीनच होती. त्यामुळे कागदपत्रांचा प्रवास विमानाच्या बांधणीइतकाच लांबला. टप्पे असे :

• २०११ : नोंदणीसाठी प्रयत्न सुरू.
• नोव्हेंबर २०१७ : नोंदणी मिळाली. विमानाचा क्रमांक व्हीटी-एनएमडी. ('व्हीटी' ही अक्षरं भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानावर असतात.) मुख्यमंत्र्यांच्या हस्ते प्रमाणपत्र देण्यात आलं.
• फेब्रुवारी २०१८ : पालघर जिल्ह्यात विमानाच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार.
• ऑक्टोबर २०१९ : चाचणी उड्डाणाची परवानगी.
• ऑगस्ट २०२० : धुळ्याच्या धावपट्टीवरून यशस्वी चाचणी उड्डाण.

मुलांनो, १९९८ ते २०२० म्हणजे २२ वर्षं. तुमच्या वयापेक्षाही जास्त! करार झाला, बातम्या आल्या, पण विमान हवेत जायला त्यानंतरही अडीच वर्षं लागली. बातमीत नाव येणं आणि काम पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवा.

४) यातलं विज्ञान

(अ) चार बलं : उडणाऱ्या विमानावर चार बलं असतात. वजन खाली ओढतं, पंखांमुळे मिळणारं उद्धरण वर उचलतं, पुढचा फिरता पंखा पुढे ओढतो आणि हवेचा रोध मागे खेचतो. एका उंचीवर, एकाच वेगाने सरळ उडताना वजन आणि उद्धरण समान असतात, तसंच पुढचं बल आणि रोधही समान असतात. उद्धरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून वेग दुप्पट केला, तर उद्धरण चौपट होतं. धावपट्टीवर विमान आधी पळतं ते याचसाठी.

(आ) अ‍ॅल्युमिनियमच का? : लोखंडाची घनता पाण्याच्या जवळपास ७.८ पट, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७ पट. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात तांबं वगैरे धातू मिसळून मजबूत मिश्रधातू करतात. पत्र्याचे तुकडे जोडायला बहुतेक ठिकाणी वेल्डिंग करत नाहीत, रिव्हेट ठोकतात. कारण वेल्डिंगच्या उष्णतेने अशा मिश्रधातूची ताकद कमी होते. एका छोट्या विमानात हजारो रिव्हेट असतात. प्रत्येक छिद्राची धारदार कड घासून गुळगुळीत करावी लागते. तशीच सोडली तर विमानाच्या थरथरीने तिथूनच बारीक तडा सुरू होतो. काम कंटाळवाणं आहे, पण जीव त्याच्यावर अवलंबून आहे.

(इ) तोल : हा भाग नीट वाचा. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त पोती टाकली की काय होतं? गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भार आला तर बैलांच्या मानेवर ओझं येतं. विमानाचंही तसंच आहे. फरक एवढाच की गाडी उलाळली तर आपण उतरून पोती सरकवतो. आकाशात उतरता येत नाही!

म्हणून उड्डाणाआधी गुरुत्वमध्य काढतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाकापासूनचं अंतर मीटरमध्ये :

इंजिन १०० किलो, अंतर १ → गुणाकार १००
सांगाडा २०० किलो, अंतर २.२ → गुणाकार ४४०
वैमानिक ७० किलो, अंतर २.५ → गुणाकार १७५
सामान ३० किलो, अंतर ३.५ → गुणाकार १०५

एकूण वजन ४०० किलो, गुणाकारांची बेरीज ८२०. गुरुत्वमध्य = ८२० ÷ ४०० = २.०५ मीटर. समजा या विमानाची सुरक्षित मर्यादा १.९० ते २.१० मीटर आहे. म्हणजे ठीक आहे, उडू शकतो.

आता सामान ३० ऐवजी ६० किलो ठेवलं. एकूण वजन ४३०, बेरीज ९२५. गुरुत्वमध्य = ९२५ ÷ ४३० = सुमारे २.१५ मीटर. मर्यादेच्या बाहेर! फक्त ३० किलो सामान वाढलं आणि विमान धोकादायक झालं. गणित कशाला शिकायचं असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत उतरवून ठेवा.

५) परवानगी कशाला हवी?

"एवढं बांधलं तर उडू द्या ना, कशाला अडवतात?" असं मुलं म्हणतात. प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी आपल्या विदर्भातली एक दुःखद घटना सांगावी लागेल. यवतमाळ जिल्ह्यातला एक तरुण कारागीर वेल्डिंगचं काम करता करता हेलिकॉप्टर बनवत होता. शिक्षण कमी, पण हातात कसब मोठं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला. मुख्य पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला.

त्याला वेडा म्हणू नका. त्याच्याजवळ हुशारी होती, जिद्द होती. नव्हतं ते हे : शेजारी उभं राहून "थांब, आधी हा भाग तपासू" असं म्हणणारं जाणकार माणूस, सुरक्षित चाचणीची जागा आणि तपासणीची पद्धत. नियमांचं खरं काम हेच आहे. पण नियमांची दुसरी बाजूही बघा. परवानगीची वाट वर्षानुवर्षं लांबली, तर कारागीर ती वाटच धरत नाहीत, लपूनछपून प्रयोग करतात. त्यामुळे नियम कडक हवेत, आणि त्यांची वाट सामान्य माणसाला चालता येईल अशीही हवी. अमेरिकेत हौशी विमानाला आधी प्रवासी न घेता, ठरवून दिलेल्या भागातच, साधारण २५ ते ४० तास चाचणी उड्डाण करावं लागतं. विमानावर 'प्रायोगिक' असं ठळक लिहावंही लागतं. परवानगी आणि सावधगिरी तिथे सोबत चालतात.

६) दावा आणि पुरावा

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं तुम्ही ऐकलं असेल. तळपदे हे खरे अभ्यासू गृहस्थ होते. पण त्या उड्डाणाचा पक्का समकालीन पुरावा मिळालेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या विमानांचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये केला आणि ती विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला.

राइट बंधू सायकलचे दुकानदार. त्यांनी १९०१ मध्ये स्वतःचा वायुबोगदा बनवून पंखांच्या आकारांची मोजमापं घेतली, वह्या भरल्या. १७ डिसेंबर १९०३ चं त्यांचं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पण त्याचा फोटो आहे, साक्षीदार आहेत, नोंदी आहेत. म्हणून जग ते मानतं. आपल्या माणसाचा अभिमान जरूर बाळगा, पण पुरावा मागायला लाजू नका. अमोल यादव यांच्या विमानाचा अभिमान अधिक टिकाऊ आहे, कारण त्याला क्रमांक आहे, परवानगी आहे आणि चाचणीची नोंद आहे.

७) आपल्या कुहीच्या मुलांसाठी

आपलं नागपूर विमानांच्या नकाशावर जुनं आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने रोज रात्री नागपुरात एकत्र यायची आणि टपालाची अदलाबदल करून परतायची. आज मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल-दुरुस्ती होते. कुही-मांढळच्या गॅरेजात मोटारपंप आणि ट्रॅक्टर खोलून बसवणारी मुलं आहेत. त्यांच्या हातातलं कसब हीच सुरुवात आहे. त्याला गणिताची, नोंदवहीची आणि तपासणीच्या सवयीची जोड मिळाली पाहिजे. आयटीआयचे ट्रेड, पॉलिटेक्निक, विमान देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम असे रस्ते दहावी-बारावीनंतर खुले आहेत.

शब्द समजून घेऊ

उद्धरण – वर उचलणारं बल
रोध – गतीला विरोध करणारं बल
गुरुत्वमध्य – ज्या बिंदूवर वस्तूचा तोल सांभाळला जातो तो बिंदू
धावपट्टी – विमान उतरण्या-चढण्याचा सपाट रस्ता

स्वाध्याय

१. संच जोडून केलेलं विमान आणि संपूर्ण स्वतः रचलेलं विमान यांतले दोन फरक लिहा.
२. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची जमिनीच्या संदर्भातली सरासरी चाल काढा. (उत्तर : सेकंदाला १० फूट, म्हणजे ताशी सुमारे ११ किमी. सायकलपेक्षाही कमी! मग विमान उचललं कसं? समोरून जोराचा वारा होता. पंखाला जमिनीचा वेग कळत नाही, हवेचा वेग लागतो.)
३. वरच्या उदाहरणात सामान ६० किलो असताना इंजिनाच्या जागी, म्हणजे १ मीटरवर, २० किलो वजन वाढवलं तर गुरुत्वमध्य किती येईल? विमान सुरक्षित मर्यादेत बसेल का?
४. 'नियम हे अडथळे आहेत की आधार?' दहा ओळींत तुमचं मत लिहा.

उपक्रम : कागदाची तीन विमाने करा. एकाच्या नाकाला, एकाच्या मधोमध आणि एकाच्या शेपटीला कागदी क्लिप लावा. प्रत्येक विमान पाच वेळा उडवून अंतर मोजा, तक्ता करा आणि सरासरी काढा. कोणतं विमान सरळ गेलं आणि का, ते वहीत लिहा. तारीख टाकायला विसरू नका. खरा विमान बांधणारा माणूसही रोज नोंदवहीत आधी तारीख टाकतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या वर्गात फळ्यावर सोडवू. तोपर्यंत स्वतः प्रयत्न करा.