भाचीला, तळोद्याहून



फोनवर तू 'बरी आहे' एवढंच म्हणालीस, म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तुझ्या मैत्रिणीनं मला सगळं सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. 'मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल' असं तू बोललीस. म्हणून सरळच विचारतो, पोरी, मरावंसं वाटतं का? खरं सांग. मी ओरडणार नाही.

घरातून कॉलेजला गेलेली तू पहिली. आई-बाबा ऊसतोडीला जातात ते तुझ्या फीसाठी, हे तुला रोज टोचत असणार. पण राहिलेला विषय पुन्हा देता येतो. नाहीच जमलं तर शिक्षण सोडून घरी येता येतं. आम्हाला तू हवी आहेस, पदवी नंतर.

आपल्याकडे सिकलसेलची पोरं सांधे धरून कळवळतात. वरून काही दिसत नाही, तरी त्यांना कोणी 'मन घट्ट कर' म्हणत नाही, दवाखान्यात नेतात. नैराश्यही तसंच दुखणं आहे. आजी भगताकडे चल म्हणेल. तिचं मन राख, पण डॉक्टर चुकवू नकोस. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच सोडायच्या नाहीत.

आणि कोणी 'कोट्यातली' म्हणून हिणवत असेल, तर तो तुझा कमकुवतपणा नव्हे, त्यांचा अपराध आहे. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयात शिकत होत्या. मे 2019 मध्ये आपण त्यांना गमावलं. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला, खटला उभा राहिला. त्यांची आई आबेदा तडवी हैदराबाद विद्यापीठात शिकताना गेलेल्या रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात गेली, कॉलेजांतला भेदभाव थांबवा म्हणून. ही लढाई आईच्या वाट्याला यायला नको होती. तुझी तक्रार आपण तू असताना, तुझ्या सहीनं देऊ. मी शेजारी उभा राहीन.

असे विचार सांगितले म्हणून पोलीस मागे लागत नाहीत, ती भीती काढून टाक. रात्री जीव घाबरला तर 14416 लाव. ही टेलिमानस हेल्पलाइन सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. मलाही उठव, कितीही वाजले असोत.

आज रात्रीच्या एस.टी.नं निघतोय. तोवर मैत्रिणीला तुझ्या खोलीतच थांबायला सांगितलंय. तिच्याबरोबर दोन घास खा. उद्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. तुला बोलणं जमलं नाही तर मी सांगेन.

तुझा मामा