तोच अ‍ॅम्प, तीच गिटार, हात दुसरा

गिटार किंवा अ‍ॅम्प घ्यायला निघालेला विद्यार्थी सल्ला विचारायला आला की मी त्याला आधी विचारतो, तुला आवडलेला हा आवाज तू कोणाच्या हातून ऐकलास? कंपनीचं नाव, मॉडेल, किंमत सगळं पाठ असतं. वाजवणाऱ्याचा उजवा हात तारेवर नेमका कुठे पडत होता, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. नागपुरात गिटार शिकवताना घरोघरच्या कष्टाचे पैसे मी सर्वांत जास्त इथेच वाया जाताना पाहिले आहेत.

माझ्या एका विद्यार्थ्याने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाचं वादन ऐकलं. भरीव, लांबवर टिकणारा, कडेला जरा खरखर असलेला तो आवाज त्याच्या डोक्यातून जाईना. पुढे त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याने सामान विकायला काढलं. याने वडिलांकडून पैसे घेऊन गिटार, ओव्हरड्राइव्हचं पेडल, अ‍ॅम्प असं सगळं उचललं. कुठलं बटण किती फिरवलेलं होतं, त्याचे फोटोही काढून ठेवले. थोड्याच दिवसांत तो चेहरा पाडून माझ्यासमोर उभा राहिला. "सर, माझ्याकडे काहून तसं वाजत नाही? त्यानं आतलं काही काढून घेतलं असेल." घरी तर फसवणुकीचीच चर्चा चालू होती.

विकणारा मुलगा अजून गावात होता. निरोप धाडल्यावर तो बिचारा लगेच आला. एकाही बटणाला हात न लावता त्याने गिटार वाजवली आणि गॅदरिंगचा तोच आवाज खोलीत उभा राहिला. त्याच क्षणी मी गिटार माझ्या विद्यार्थ्याच्या हातात दिली. आवाज पातळ, कोरडा, लवकर विझणारा. पोरगा रडवेला झाला. मग मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि फक्त हात पाहायला सांगितले.

मोठ्या मुलाचं पिक जाड होतं. तो तार गिटारच्या मानेच्या बाजूला छेडायचा, ठामपणे. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या अगदी लगत, आणि पुढचा स्वर येईपर्यंत न उचललेलं. माझ्या विद्यार्थ्याचं पिक कागदासारखं लवचीक, हात ब्रिजजवळ, आघात हलका, बोट स्वर पुरा व्हायच्या आत सुटणारं. ब्रिजजवळ छेडलेल्या तारेत वरचे उपस्वर जास्त उमटतात, म्हणून आवाज टोचरा होतो. बाराव्या फ्रेटकडे सरकत जावं तसा तो गोल होतो. ओव्हरड्राइव्हचं पेडल तर हातावर बरंच अवलंबून असतं. आत येणारा सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याचा माथा छाटला जातो आणि ती हवीहवीशी खरखर येते. हलका हात त्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही. फोटोतलं बटण तिथेच होतं, पण बटणापर्यंत येणारा जोर निराळा होता.

जगभरच्या वादकांना हे माहीत आहे. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या सामानावर आपण वाजवलं तरी आवाज आपलाच आला, असं दुसरा गिटारवादक टेड न्यूजंट सांगतो. 'डायर स्ट्रेट्स' या बँडचा मार्क नॉफ्लर पिकाशिवाय, बोटांनी वाजवतो. त्याच्यासारखी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार घेऊन ती पिकाने वाजवणाऱ्याला तो आवाज कसा सापडेल? आपल्या गावालाही हे नवं नाही. शंकरराव सप्रे यांच्याकडे नागपुरात गायक वसंतराव देशपांडे शिकले आणि राम चितळकरही शिकले, जे पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाले आणि ज्यांनी 1947 च्या 'शहनाई' चित्रपटात गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवून घेतले. गुरू एक, पण दोन गळ्यांचं गाणं अगदी वेगळं. वसंतरावांचा तानपुरा मिळाला म्हणून आपण त्यांच्यासारखं गाऊ, असं कोणाला वाटत नाही. गिटारच्या दुकानात शिरताना मात्र हे शहाणपण बाहेर राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

हाताइतकाच फरक कान कुठे आहे याने पडतो. अ‍ॅकॉस्टिक गिटारचा आवाज समोर जातो आणि वाजवणारा असतो तिच्या मागे. अ‍ॅम्पचं तर आणखी वेगळं. स्पीकरमधून निघणारा तीक्ष्ण आवाज झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या अ‍ॅम्पचा झोत वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो. कानाला आवाज बोथट लागतो म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेतले लोक कानावर हात ठेवतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. सर्वांत चांगलं म्हणजे गिटार मित्राच्या हातात द्या आणि स्वतः चार पावलं पुढे जाऊन ऐका.

आवाज किती मोठा ठेवता, हेही मोजावं लागतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की लहान आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात. घरी शेजाऱ्यांच्या धाकाने हळू वाजवताना मुलं बेस वाढवतात, मिड कमी करतात आणि खूश होतात. बँडमध्ये ड्रम आणि बेस गिटारच्या आवाजात तोच बेस बुडतो, आणि मिड नसल्यामुळे गिटार ऐकूच येत नाही. सेटिंग ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात करा.

नागपूरकरांनी आपल्या हवेचाही हिशेब ठेवायला हवा. लाकडी गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसतं आणि तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात. बंद खोलीत कूलर लावला की तेच लाकूड ओल पितं, पोट फुगतं, तारा उंच होतात. उन्हाळ्यात मित्राच्या घरी ऐकलेली गिटार पावसाळ्यात तुमच्या घरी तशी वाजेलच असं नाही. तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच खोलीत करा. आणि गिटार कूलरसमोर कधीही टांगू नका, केसमध्ये ठेवा.

दुकानात जाताना आपलं पिक सोबत न्या. दुकानातला मुलगा वाजवून दाखवेल, तो चांगलाच वाजवणार, रोजचा सराव आहे त्याचा. ते ऐका, पण निर्णय तिथे करू नका. लगेच तीच गिटार, तीच बटणं, आपल्या हाताने वाजवा, आणि तेच वाजवा जे रोज घरी वाजवता. दोन्ही वेळा फोन एकाच जागी ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका. सेकंड-हँड घेताना मालकाला तारांची जाडी नऊची आहे की अकराची, ते विचारा, कारण अकराच्या जाड तारा जास्त ताणलेल्या असतात आणि नवशिक्याच्या बोटांनी त्या नीट दबत नाहीत. पैसे देण्याआधी गिटार दोघांच्याही हातून वाजू द्या.

काही गोष्टी मात्र कोणाच्याही हातात बदलत नाहीत आणि पैसे त्यांच्यासाठीच मोजावेत. मान सरळ आहे का, सूर लावल्यावर तो टिकतो का, बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतो का, जॅक हलवला की कडकड येते का. माझ्या त्या विद्यार्थ्याचं सामान या सगळ्यांत उत्तम निघालं, म्हणून मी ते विकू दिलं नाही. जाड पिक घेऊन दिलं, अकराच्या तारा काढून नऊच्या बसवल्या आणि रोज पेडल बंद ठेवून एकच स्वर शेवटपर्यंत धरायचा सराव लावून दिला. पेडल त्यानंतर सुरू करायचं, हे त्याच्या वडिलांनाही समजावून सांगितलं.